काराकुममधली आयना

काराकुमच्या वाळवंटात शिरायचं तुवाकने ठरवलं ते एकाच कामासाठी. आपली घोडी आयना परत आणायची!

आयना अखल-टेके जातीची, सोनेरी, आणि तिच्या वंशातली शेवटची. गावच्या सामुदायिक शेतीवर ट्रॅक्टर आले, घोडे नकोसे झाले. खाटकाची मालमोटार येऊन उभी राहिली तशी आयना दावं तोडून पळाली होती, तीही गाभण असताना! आता शहरातल्या एका तबेल्याने तिला पैदाशीसाठी ठेवून घ्यायचं कबूल केलं होतं. ती जिवंत सापडायला मात्र हवी होती.

तुवाकला धास्ती होती पाण्याची. चोरांनी नेऊ नये म्हणून त्याने तिला शिंगरू असल्यापासून शिकवलं होतं, माझ्याच हातचं पाणी प्यायचं, दुसऱ्या कुणाचं नाही. त्याची फुशारकी गावभर मारून झाली होती.

"मिरव आता!" सांडणीवर मागे बसलेली बहीण ओगुलबिबी म्हणाली. "तहानेने मेली असेल तर फुशारकीच पाज तिला."

"गप गं! वाट बघ."

"बघतेय की, आगा," ती भावाला म्हणाली. "पुढे वाळू आहे. मागेही वाळूच होती."

पहिली विहीर वाळूने बुजलेली निघाली. दुसरीचं पाणी इतकं खारं, की सांडणीनेही तोंड फिरवलं. आणि दुपारी आभाळ पिवळं पडलं.

"वादळ! उतर खाली! तोंड झाक!"

वारा आला. वाळू आली. सांडणी बिथरली, लोळली. वादळ ओसरलं तेव्हा पाण्याची पखाल फाटून पडली होती. उरलं होतं सुक्या भोपळ्याच्या भांड्यातलं उंटिणीचं आंबट दूध, दोघांना कसंबसं घरी पोचवेल एवढंच.

"आता फीर," ओगुलबिबी म्हणाली.

"त्या टेकाडापर्यंत जाऊ. मग फिरू."

टेकाडापलीकडे चिकणमातीचं सपाट मैदान होतं आणि त्यात वसंतातल्या पावसाचं पाणी पातळ पसरलं होतं. रानगाढवांचा कळप पाणी पीत होता, आणि त्यांच्यात मान खाली घालून आयनाही पीत होती. कुणाच्याही हाताशिवाय!

तुवाकचा जीव भांड्यात पडला. तिथूनच त्याने मागे फिरायला हवं होतं. पण त्याला राहवलं नाही. पाणी पाजताना घालायची ती जुनी साद त्याने घातली आणि आयना कान टवकारून धावत आली! तिने त्याच्या रिकाम्या तळहातात नाक खुपसलं. तिचं पोट चांगलंच जड झालं होतं.

"आगा, पखाल नाही," ओगुलबिबी हळूच म्हणाली. "वाटेत थेंब नाही. अशा पोटाने पोचेल ही?"

"नाही पोचणार."

"मग हाक कशाला मारलीस रे?"

तुवाक आयनाच्या मानेवरची वाळू झाडू लागला.

"हे पाणी आटलं की गाढवं दुसरीकडे जातील," ओगुलबिबी म्हणाली. "त्यांना पाणवठे ठाऊक असतात. जाऊ दे तिला त्यांच्यामागे."

दोघं निघाली, तर आयनाही मागोमाग निघाली. तुवाकने हुसकावलं, ती थांबली आणि पुन्हा आली. त्याने मातीचं ढेकूळ फेकलं, तिने ते हुंगलं. शेवटी त्याने सांडणीचा चाबूक उचलला. टेके जमातीचा माणूस घोड्यावर हात टाकत नाही. टाकला तर त्याला घरात कुणी भाकर वाढत नाही.

त्याने मारला. आयना नुसती बघत राहिली. त्याने पुन्हा मारला. या वेळी तोंडावर! मग मात्र ती उधळली आणि कळपात शिरली.

परतीच्या वाटेवर ओगुलबिबीने एकही टोमणा मारला नाही.

पुढच्या वसंतात एक मेंढपाळ घरी जेवायला आला. "रानगाढवांत सोनेरी घोडी दिसली," तो सांगू लागला, "आणि सोनेरी शिंगरूसुद्धा! तुझी साद घालून बघितली रे तुवाक, हुबेहूब. पण माणूस दिसला की ती पळत सुटते."

"वाचली म्हणायची!" ओगुलबिबीने भाकर मोडली आणि आधी भावापुढे ठेवली.

"हात धुऊन येतो," म्हणून तुवाक उठला. हात त्याने मघाशीच धुतले होते. बहिणीने त्याला अडवलं नाही.