पंपात न बसणाऱ्या पुंगळ्या

थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारी दुपारी व्हर्नन हॉस्टेटर तळघरात रिकाम्या पुंगळ्यांचा डबा घेऊन बसला होता आणि त्याचं डोकं फिरलं होतं.

बार उडाला की काडतुसाची पितळी पुंगळी फुगते. ती साच्यात दाबून पुन्हा बारीक करायची, मग दारू आणि गोळी भरायची. या घरात पुंगळ्या आवळायचं काम कायम त्याच्या बायकोचं, अर्डिथचं. दाबयंत्राचा लांब दांडा ती ओढायची आणि दारू व्हर्नन भरायचा. मार्चमध्ये अर्डिथ वारली. खणात तिचे साचे होते: एक नुसती मान आवळणारा, एक पूर्ण अंग आवळणारा. ती कोणता वापरायची, हे इतक्या वर्षांत त्याने कधी विचारलंच नव्हतं.

त्याने आधी मानेचा साचा लावला. आवळलेली रिकामी पुंगळी आपल्या पंप रायफलीत घालून पाहिली. काडतूस आत सारणारी पुढची लाकडी पकड ढकलली, तर ती बोटभर अंतरावर अडली. पुन्हा ढकलली. पुन्हा तिथेच.

पॉटर कौंटीच्या या डोंगरात हरणासाठी आपोआप भरणारी रायफल कायद्याने चालत नाही, म्हणून जो तो पंपच बाळगतो. पंप भराभर चालतो, पण त्याचं एक दुखणं आहे. बोल्टच्या रायफलीत मूठ खाली दाबली की जाडी पुंगळीसुद्धा मुकाट आत जाते. पंपात जोर असतो तो फक्त हाताचा. केसभर फरक पडला की तो रुसून बसतो.

थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी शिकारीचा सीझन उघडायचा होता. एरवी त्याने हे सगळं त्यानंतर पाहू म्हणून ठेवून दिलं असतं. पण अर्डिथचा धाकटा भाऊ मायलो उन्हाळाभर मागे लागला होता, घर विक आणि विल्यम्सपोर्टला आमच्याकडे ये. शेवटी व्हर्नन चिडून म्हणाला होता, की सीझनच्या पहिल्या सोमवारी मी वरच्या खडकावरून एकट्याने हरीण आणतो. आणलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. नाही आणलं तर तू खुशाल दलाल बोलाव. मायलोने हात पुढे केला आणि व्हर्ननने तो धरला.

शेजारच्या ऑर्विलने पुंगळी उजेडात फिरवून पाहिली आणि हसला. मान आवळून बोल्टवाल्यांचं भागतं, तू पंपवाला आहेस, एवढंही अर्डिथने शिकवलं नाही का, असं म्हणाला. व्हर्ननने पूर्ण अंगाचा साचा लावला. पुंगळ्या मापाच्या नळीत अलगद उतरल्या. तो समाधानाने झोपला. सकाळी त्याच पुंगळ्या मापात उतरेनात, रायफलीत तर नाहीच नाही.

"पितळ आवळलं तरी थोडं उसळून परत फुगतंच," ऑर्विल म्हणाला.

"एका रात्रीत?"

"मग दुकानातून तयार काडतुसं आण. कुणी फाशी देणार नाही."

या घरात दुकानाचं काडतूस कधी आलं नव्हतं. व्हर्ननने तयार काडतुसं आणली नाहीत. त्याने नव्या, एकदाही न उडवलेल्या पुंगळ्यांची पेटी आणली. त्या तरी कुठल्या रायफलीच्या मापाने फुगलेल्या नसणार. एक घालून पाहिली, तर ती बसली. बाकीच्या त्याने बाकावर ओळीने मांडल्या आणि जेवायला वर गेला.

जेवून आला तर एकही बसेना.

त्याने एक पुंगळी दिव्याखाली धरली. बुडाच्या जरा वर नखाएवढा अर्धगोल ओरखडा होता. दुसरीवर होता, तिसरीवरही. हा ओरखडा तो ओळखत होता. अर्डिथच्या रायफलीच्या नळीत आत एक बारीक खरवड होती आणि तिच्यातून उडालेल्या प्रत्येक पुंगळीवर ही खूण उठायची. तिच्या नि त्याच्या पुंगळ्या ते यावरूनच वेगळ्या करायचे. पण या पुंगळ्या उडालेल्याच नव्हत्या. आणि तिची रायफल त्याने जूनमध्येच मायलोच्या मुलीला देऊन टाकली होती.

त्याने मायलोला फोन लावला. मायलो म्हणाला, रायफल कपाटात आहे, पोरीने अजून हातही लावलेला नाही.

"जाऊन नळीचा वास घे," व्हर्नन म्हणाला.

"काय?"

"वास घे म्हणतो ना, मायलो."

मायलो बराच वेळ फोनवर नव्हता. मग परत आला.

"जळल्या दारूचा वास येतोय. तू देताना नीट साफ केली नसशील."

व्हर्ननने ती दोनदा साफ केली होती. त्याने फोन ठेवला.

पुंगळीचं बूडसुद्धा आवळणारा तिसऱ्या प्रकारचा एक साचा येतो. पंपवाले अडले की तोच घेतात. ऑर्विलने तो कुठूनसा मिळवला आणि अर्डिथकडेही असा होता, कुणाला तरी दिला असेल तिने, असं सांगून गेला. व्हर्ननने साचा यंत्रात घट्ट केला, पुंगळीला वंगण चोळलं आणि दांडा खाली ओढला. आता हेही नाही बसलं तर हे सगळं ओढ्यात फेकून देईन, असं तो मोठ्याने म्हणाला.

दांडा तळाला गेला. त्याने वर उचलायला जोर लावला.

दांडा वर येईना.

पुंगळी अडकली, असं वाटून त्याने शिवी हासडली. पण अडकलेला दांडा ताठ असतो. हा तसा नव्हता. कुणी वरून तळवा ठेवून धरावा तसा तो हलकेच दबलेला होता.

मग तो आपसूक सुटला.

व्हर्ननने दुसरी पुंगळी लावली. दांडा तळाला थांबला आणि सुटला. तिसरीलाही तेच झालं. त्याला वरच्या स्वयंपाकघरात बसून ऐकलेला आवाज आठवला. दांड्याची करकर, मग थोडी शांतता, मग पुन्हा करकर. ती थांबते तेव्हा दम खाते, असंच तो समजत आला होता. तळाला क्षणभर दाबून धरलं की पितळ कमी उसळतं, हे त्याला आता कळलं.

सगळ्या पुंगळ्या रायफलीत लोण्यासारख्या बसल्या. सकाळीही बसल्या. त्याने दारू भरली, गोळ्या बसवल्या.

सीझनच्या पहिल्या सोमवारी उजाडायच्या आत मायलोने त्याला ओढ्यापाशी सोडलं आणि स्वतः गाडीत थांबला. बर्फ घोट्यापर्यंत होतं. वरच्या खडकावर तो आणि अर्डिथ पाठीला पाठ लावून बसायचे. आज व्हर्नन बीचच्या झाडाच्या बुंध्याला टेकून बसला. पाठीला थंडी वाजली नाही.

उजेड फाकला आणि हेमलॉकच्या झाडीतून एक शिंगांचा नर खाली उतरला. अगदी सावकाश, बर्फ हुंगत.

व्हर्ननने बार काढला.

नर जागीच कोसळला.

पंप सफाईने मागेपुढे झाला. पुंगळी उजवीकडे बर्फात उडाली. हाताने काडतुसं भरणारा माणूस आधी आपली पुंगळी उचलतो, मग जनावराकडे जातो. पण व्हर्ननने पाठ बुंध्यावरून हलवली नाही. मायलो दोर घेऊन धापा टाकत वर येईपर्यंत तो तसाच बसून राहिला.

मायलोने नर पाहिला आणि टोपी मागे सारली. "शब्द म्हणजे शब्द. एकट्याने आणलंस. घराचं नाव आता काढत नाही." मग तो दोर सोडू लागला. "पण दुसरा बार कशाला वाया घालवलास? पहिल्यातच पडला असणार."

"एकच काढला."

"मी दोन ऐकले, व्हर्न."

"डोंगराचा पडसाद असेल."

"असेल," मायलो म्हणाला आणि खाली नराकडे गेला.

व्हर्नन उठला. पुंगळी पडली तिथे बर्फात भोक पडलं होतं. त्याच्या शेजारी वीतभर अंतरावर आणखी एक होतं.

पहिल्यात त्याने हात घातला. पुंगळी बर्फासारखी गार होती.

दुसरी हातात धरवेना, इतकी गरम होती.