मोठ्या टेबलावरचं टिश्यूचं पाकीट

सूप

शनिवारी भर दुपारी, सिंगापूरच्या क्वीन्सटाउनमधल्या एका जुन्या ब्लॉकखालच्या खानावळीत, ऋताने घोर चूक केली. कोपऱ्यातलं मोठं टेबल रिकामं दिसलं, म्हणून तिने त्यावर टिश्यूचं पाकीट ठेवलं. इथल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या ठेल्यांच्या मंडईत, एवढं केलं की जागा आपली.

ऑर्डर देऊन परत आली, तर पाकीट एका तरुणाच्या हातात. हात कोपरापर्यंत पिठाने पांढरे.

"दिस टेबल कॅनॉट, लाह," आतून खानावळीची मालकीण लिन आँटी म्हणाली. अर्धं आयुष्य व्हिएन्नातल्या एका गल्लीतल्या खानावळीत रांधून ती परतली होती. तिथले पदार्थ आणि तिथले नियम, दोन्ही घेऊन.

"अगं बाई..." ऋता पुटपुटली.

"मराठी?" तो हसला. "मी राजस. हे टेबल धरता येत नाही. हे नेहमीच्या मंडळींचं. इथे बसायला आँटीने बोलवावं लागतं."

"तुम्हाला बोलावलंय?"

"राबायला. आठवडाभर हार्बरफ्रंटच्या ऑफिसात कोड लिहितो, शनिवारी पीठ मळतो."

"पगार?"

"उरलेलं स्ट्रुडल. सफरचंदाची गोड गुंडाळी."

पाकीट परत द्यायचं मात्र तो विसरला.

श्निट्झेल

तळलेलं मांस. ऋता शाकाहारी. पुढे.

स्ट्रुडल

आँटीने मोठ्या टेबलावर निळ्या फुलांची चादर अंथरली. मधोमध पिठाचा एक गोळा. तिने आणि राजसने मुठी मिटून, हातांच्या पाठी त्याखाली सरकवल्या आणि ओढू लागले. हळू... गोळ्याची पोळी झाली, पोळीची ओढणी. टेबलाच्या कडेवरून पीठ खाली झुलू लागलं — आणि त्यातून एकेक निळं फूल वर आलं.

ऋता पुढे झुकून बघू लागली. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत ती रोज भिंगाखाली पेशींचे पातळ काप बघायची. पण असं, उघड्या डोळ्यांसमोर, दोन माणसांच्या हातांवर...

"या, हा कोपरा धरा," राजस म्हणाला. "अंगठी असली तर काढा. पीठ फाटतं."

"अंगठी नाहीये."

"बरं झालं... विचारलं ते."

पिठाखाली दोघांचे हात एकमेकांना लागले. पीठ फाटलं नाही.

गोड डम्पलिंग

असे पुष्कळ शनिवार. 'तुम्ही'चं 'तू' झालं. एकदा वाफाळत्या डम्पलिंगवरचे दाणे पाहून ऋता म्हणाली, "ही तर अनारशाची खसखस!"

"हळू. आँटीला वाटतं, तिकडे युरोपातल्या बोहेमियाची."

मग एका शनिवारी तिने सांगितलं, "पुण्यात नोकरी मिळतेय. इथेही थांबता येईल... सोमवारी कळवायचंय."

राजस सफरचंद चिरत होता. चिरतच राहिला.

"पुणं छान आहे," तो म्हणाला.

छान. ऋता तोंड धुवायला गेली, आणि बराच वेळ नळ नुसताच वाहत राहिला.

कॉफी

ती परतली तेव्हा मोठं टेबल नेहमीच्या म्हाताऱ्यांनी भरलं होतं. दोनच खुर्च्या रिकाम्या. एकीसमोर टिश्यूचं पाकीट. त्यावर पिठाचे जुने ठसे.

"हे टेबल धरता येत नाही ना?"

"नाही येत." राजसचे कान लाल झाले होते. "पुणं छान आहे. पण मला ते म्हणायचंच नव्हतं. ऋता... थांब ना. माझ्यासाठी."

सगळे म्हातारे एकदम आपापल्या कपात बघू लागले.

लिन आँटी आली. पाकीट उचलून तिने ऋताच्या हातात दिलं.

"टिश्यू नो नीड. यू रेग्युलर ऑलरेडी."

ऋता बसली. चादरीवरच्या निळ्या फुलांवरून तिने हात फिरवला. मग पाकीट शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवलं.

"ही जागा कुणाची?" राजसने विचारलं.

"उगाच विचारू नकोस. हात धुऊन ये."