पाण्याचं वजन

ठरलं होतं ते एवढंच: वहिनींचा गुडघा बदलायच्या आत सायकलवरून वाळवंट पार करायचं. पलीकडच्या टोकाला मिठाचं पांढरं तळं होतं. तिथपर्यंत स्वतःच्या पायांनी जायचं, त्या पांढऱ्यावर हात टेकायचा आणि बसने परत यायचं. डॉक्टर स्पष्टच म्हणाले होते, "ऑपरेशननंतर चालाल, जिने चढाल. पण ओझं लादून वाळूतून सायकल? ते विसरा." लग्न झालं तेव्हापासून ही सफर दर हिवाळ्यात ठरत होती आणि दर हिवाळ्यात काही ना काही आडवं येत होतं. कधी कुणाचं बाळंतपण, कधी यजमानांच्या घड्याळदुकानाचं गळकं छप्पर, तर कधी वहिनींचाच शिवणकामाचा हंगाम. हा हिवाळा शेवटचा.

पण ठरवणं वेगळं आणि नणंदेला घेऊन ठरवणं वेगळं.

नणंदेचं औषधांचं दुकान होतं. एका सकाळी ती दुकानातला वजनकाटा काखेत मारून आली आणि वहिनींच्या कापड बेतायच्या टेबलावर तिने तो मांडला. कात्र्या, खडू, रिळं सगळं एका कडेला सरकवलं. त्या दिवसापासून घरातल्या एकाही वस्तूला सुखाचा घास मिळाला नाही.

"हे काय?" तिने चिमटीत साबणाची वडी धरली.

"साबण."

"अख्खी?"

"मग काय, उष्टी आणायची?"

वडीचे तीन तुकडे झाले. टूथब्रशांचे दांडे कापले गेले. पांघरुणांची लेबलं उसवली गेली. तंबूच्या काठ्या बाद झाल्या, कापड दोन सायकलींमध्ये बांधायचं ठरलं. तीन माणसांत चमचा एक.

"एक चमचा?" वहिनींनी मशीन थांबवलं. "म्हणजे एक जण जेवणार आणि दोघं काय, टाळ्या वाजवणार?"

"आळीपाळीनं, वहिनी. चढावर तोच चमचा तुला जाणवेल."

एरवी वहिनी नणंदेला 'छोटी' म्हणत. डोकं तापलं की तिची 'वन्सं' व्हायची आणि 'तू'चं 'तुम्ही' व्हायचं. त्या महिन्यात छोटी घरात क्वचितच दिसली, सगळ्या वन्संच. मशीनची चाल धरून वहिनी पुटपुटायच्या:

नणंदबाईच्या काट्याला मीठ जड, साखर जड,
वहिनीचा श्वाससुद्धा, म्हणे, निम्मा घरी सोड.

यजमानांचा, म्हणजे घड्याळजींचा, त्रास निराळा. ते वाद घालत नसत, गुपचूप वस्तू कोंबत. नणंदेने त्यांची पिशवी उलटी केली तेव्हा त्यातून स्क्रूड्रायव्हरांची पेटी पडली.

"दादा, सायकलला एवढे बारीक स्क्रू नसतात."

"असले तर?" घड्याळजी शांतपणे म्हणाले.

सगळ्यांत शेवटी काट्यावर आलं पाणी. पाण्याला दांडा नाही, लेबल नाही, ते कापता येत नाही. तेव्हा नणंदबाई पाण्याच्या भांड्यांवर घसरली. जाड कॅन उचलून म्हणाली, "या रिकाम्या डबड्याचंच वजन बघ. आपण पाणी नेतोय की प्लॅस्टिक?"

वहिनींचा बांध फुटला. "ठेवा तो काटा बाजूला, वन्सं. मी शिवून देते पिशव्या. रेनकोटचं कापड उरलंय. माझ्या शिवणीतून वारा जात नाही, पाण्याची काय बिशाद."

आणि त्यांनी शिवल्या. सायकलच्या त्रिकोणी सांगाड्यात पट्ट्यांनी नेमक्या बसणाऱ्या, दुहेरी टिपेच्या, काळ्याभोर. दोऱ्याला मेण लावायचा हात होताच. तोच हात पुढे चालवून त्यांनी सगळ्या शिवणींवर मेणबत्ती घासली आणि मेण इस्त्रीने आत जिरवलं. भरलेल्या पिशव्या शिवणखोलीत खुंटीला टांगल्या, खाली वर्तमानपत्र पसरलं. आठवडाभर कागदावर थेंब नाही. नणंदबाईने पिशवी काट्यावर ठेवली, आकडा पाहिला आणि वहिनींची पापी घेतली. इस्त्रीने जे वितळतं ते उन्हानेही मऊ होईल, हे त्या थंड खोलीत तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

*

वाळवंटाने पहिले दिवस लाड केले. सकाळी वाळू गार आणि घट्ट, रुंद टायर तिच्यावरून कुजबुजत जात. टेकड्यांच्या सावल्या निळ्या पडत. कुठे एखादं काटेरी झुडूप, त्याच्या बुडाशी एखाद्या सरड्याची इवली पावलं, आणि वर आभाळ असं की कुणी धुऊन, पिळून, ताणून वाळत घातलंय. वहिनींचा गुडघा कुरकुरत होता, पण साथ देत होता. खरी कुरकुर घड्याळजींच्या साखळीची होती. घड्याळाला द्यावं तसं ते दर विसाव्याला तिला प्रेमाने तेल देत, आणि तेलावर वाळू बसे.

"अहो, ही सायकल आहे की जातं?" वहिनी म्हणाल्या. "आता पीठ तेवढं पडायचं राहिलंय."

शेवटचं पाणी रस्ता दुरुस्त करणाऱ्यांच्या तळावर मिळालं. पत्र्याच्या चार खोल्या, एक डांबराचं पिंप, उंचावर एक टाकी. तिथल्या मुकादमाने तिघांना आणि तिघांच्या सायकलींना नीट न्याहाळलं. "पुढं तळ्यापर्यंत पाणी नाही," तो म्हणाला. "दोन दिवसांचं भरा. आणि एवढंच सामान?"

"एवढंच," नणंदबाई अभिमानाने म्हणाली.

पिशव्या गच्च भरल्या. हाताशी पाण्याची एकेक बाटली ठेवली, बाकी सगळी भिस्त पिशव्यांवर. दुपारच्या, आधीच्या दिवसांपेक्षा कडक उन्हात बाटल्यांतलंच पाणी पीत ते गेले. मुक्काम झाला, पहाटे पुन्हा निघाले. ऊन चढलं. सायकली मात्र कशा पाखरासारख्या चालल्या होत्या.

"वहिनी, आज किती हलकं वाटतंय, बघ!" नणंदबाई पुढून ओरडली. "मी म्हणत होते ना? चमच्याचासुद्धा फरक पडतो."

वहिनींनाही हलकं वाटत होतं. गुडघासुद्धा दुखेना. चिडचिड गिळून त्यांनी कबूल केलं, "पडतो बाई फरक."

एका उंचवट्यावर ते थांबले. बाटल्या रिकाम्या झाल्या होत्या. घड्याळजींनी आपल्या पिशवीचं तोंड बाटलीला लावलं आणि पिशवी दाबली. चार थेंब आले. त्यांनी नणंदेच्या पिशवीला हात लावला. ती चपटी. वहिनींची? तीही चपटी! खालच्या शिवणीवर मेणाचे मऊ, चकचकीत ओघळ आले होते आणि टाक्याटाक्याचं भोक मोकळं झालं होतं. कालच्या उन्हात एकेक थेंब पडत गेला होता. वाळूने तो आवाज न करता प्यायला होता. आणि हे तिघं हलकेपणाचं कौतुक करत बसले होते.

तिन्ही पिशव्या पिळून जेमतेम एक बाटली भरली.

"शिवण माझी," वहिनी म्हणाल्या.

"हट्ट माझा," नणंदबाई म्हणाली.

"समोर बघा," घड्याळजी म्हणाले.

क्षितिजावर एक पांढरी रेघ होती. बारीक, लखलखीत, जणू काळ्या कापडावर घातलेला सरळ धावदोरा. मिठाचं तळं!

नणंदबाईने सायकल पुढे वळवली. "चल, वहिनी. दिसतंय. पोचू आपण. परत फिरलो तर तुझं कायमचं राहील, आणि ते माझ्यामुळे."

घड्याळजींनी नकाशा उघडला. पुढे सगळी भुसभुशीत वाळू, सायकली हाताने ढकलाव्या लागणार. मागे मुकादमाची टाकी. तीही जवळ नाही, पण वाट घट्ट आणि बरीचशी उताराची. त्यांनी बायकोकडे पाहिलं. हा निर्णय आपला नाही, हे त्यांना कळत होतं.

वहिनी त्या रेघेकडे बघत उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांचे हिवाळे त्या रेघेत होते. हात लांब केला असता तर बोटाला पांढरं लागलं असतं असं वाटत होतं, आणि असं वाटतं म्हणूनच माणसं वाळवंटात मरतात, हेही त्यांना ठाऊक होतं.

"पाहिलं," त्या म्हणाल्या. "आता फिरवा."

नणंदबाई मटकन बसली आणि हमसून रडायला लागली.

वहिनी वाकल्या. "ए छोटे, रडू नकोस. पाणी वाया जातंय."

रडता रडता ती हसली. मग तिघं वळले.

उन्हाने आता लाड सोडले होते. दोन सायकलींमध्ये कापड बांधून त्याच्या सावलीत दुपार काढली, तीही निम्मी, कारण थांबलं तरी पाणी संपतच होतं. दर थांब्याला झाकणभर पाणी. जीभ लाकडासारखी झाली. वाऱ्याने उलटी दिशा धरली आणि चेहऱ्यावर वाळूच्या टाचण्या टोचायला लागल्या. मग एका चढावर वहिनींचा गुडघा कट्‌कन वाजला. त्या पडल्या नाहीत. पण पाय पॅडलवरून सुटला आणि परत चढेना.

"तुम्ही दोघं पुढे व्हा," त्या म्हणाल्या. "पाणी घेऊन या."

"गप्प बस," नणंदबाई म्हणाली. नणंदेने वहिनीला असं म्हणायची ही पहिलीच वेळ. तिने आपली पाण्याची पिशवी फाडली. तिचे पट्टे, वहिनींच्या पिशवीचे पट्टे, घड्याळजींच्या पिशवीचे पट्टे, सगळे एकाला एक गाठले. एक टोक स्वतःच्या सीटखाली, दुसरं वहिनींच्या हँडलला. चुलीपासून चमच्यापर्यंत बाकी सगळं सामान तिने वाळूवर ठेवलं. तिकडे तिने वळूनही पाहिलं नाही.

"दादा, तू मागून ढकल."

आणि ती ओढायला लागली. उभी राहून, दात खाऊन. वहिनी एका पायाने पॅडल मारत होत्या. पट्टा ताणला की त्यांचे डोळे टाक्यांवर जात. तुटेल, आता तुटेल! पण शिवण पाण्याला हरली होती, ओढीला हरली नाही.

"थोडी खा गं," वहिनी मागून कष्टाने म्हणाल्या. "काय त्या पाठीची हाडं. ग्रॅम मोजून जेवतेस वाटतं."

"बोलू नकोस. तोंड कोरडं पडेल."

"ते कधीच पडलंय."

शेवटचं झाकण घड्याळजींनी वहिनींना दिलं. वहिनींनी ते छोटीच्या तोंडाला लावलं. छोटीने निम्मं परत केलं. ऊन कलत आलं तेव्हा दूरवर पत्र्यावर काहीतरी चमकलं. टाकी!

मुकादम धावत आला. त्याने आधी घोट घोट दिलं, मग मगभर. तिघं टाकीच्या खांबांना टेकून बसले. कुणाचाही चेहरा ओळखू येत नव्हता.

"मिठाची गाडी सकाळी पलीकडच्या पक्क्या रस्त्याने तळ्याला जाते," मुकादम म्हणाला. "बसा तिच्यात. तासाभरात पोचवतील. बघून या."

नणंदबाईने आशेने वहिनींकडे पाहिलं. घड्याळजींनीही पाहिलं.

"नको," वहिनी म्हणाल्या. "बसून जायला पुढचं सगळं आयुष्य पडलंय. आणि हिच्याबरोबर गाडीत बसले, तर ही ड्रायव्हरलासुद्धा काट्यावर चढवेल."

मग तिघंही हसले, आणि ओठ फाटले म्हणून थांबले.

वहिनींनी आणखी एक मग भरून घेतला. निम्मा प्यायल्या. उरलेलं पाणी त्यांनी सुजलेल्या गुडघ्यावर हळूहळू, सढळ हाताने ओतलं. रानातून थकून आलेल्या बैलाच्या पाठीवर ओतावं तसं.

"झालं रे बाबा," त्या गुडघ्याला म्हणाल्या. "आणलंस ना परत. आता जा सुखानं."