तिसऱ्या ढिगातले गोटे

"गोमिला काका, मला एकदाच गोफण फेकू द्या. मग हे गोटे खुशाल न्या," आगेदा ट्रकच्या वाटेत उभी राहून म्हणाली.

मुकादम गोमिलांनी घड्याळ पाहिलं. बाराला जुन्या बुरुजामागच्या तीन खड्ड्यांतले गोट्यांचे ढीग खडी फोडायच्या यंत्रात जायचे होते. मिनोर्का बेटावर शेतातून वेचलेल्या दगडांचा ढीग कुठे नसतो? हेही तसलेच, असं त्यांनी सकाळपासून तीनदा सांगितलं होतं.

पण शेतातले दगड ओबडधोबड असतात. हे गोटे गुळगुळीत होते, समुद्रकाठचे. आणि समुद्र इथून दोन तासांच्या चालीवर. सुट्टीला मामाकडे आलेल्या आगेदाने धाकट्या भावाकडून, बिएलकडून, मामीचा तराजू मागवला होता. पहिल्या खड्ड्याच्या तळाशी मूठभर गोटे होते, प्रत्येक साठेक ग्रॅमचा. दुसरा खड्डा अर्धा भरलेला, दीडशेच्या गोट्यांनी. तिसरा तीनशेच्या गोट्यांनी काठोकाठ. बेटावरचे जुने लढवय्ये तीन लांबीच्या गोफणी बाळगत. शत्रू दूर असला की लांब गोफण आणि हलका गोटा, जवळ आला की आखूड गोफण आणि जड गोटा.

"आमची आगेदा आता लढाई करणार," मामेभाऊ शेस्क म्हणाला. ट्रकवाला हसला.

"हा त्यांच्या गोफणींचा साठा असेल, तर इथून फेकलेले गोटेही कुठेतरी पडलेले असणार," आगेदा म्हणाली. "ते मिळाले नाहीत, तर मी गप्प घरी जाईन."

तिने गोफणफेकीच्या स्पर्धेत वापरायची आपली लांब गोफण काढली, साठ ग्रॅमचा गोटा ठेवला. बिएल खाली ओढ्याच्या भिंतीआड दडला होता. ट्रकचं इंजिन सुरूच होतं. तिने एकच फेरा घेतला आणि दोरी सोडली.

गोटा अंजिराच्या झाडापाशी धूळ उडवून पडला.

"बिएल, पन्नास पावलं पुढे बघ," ती ओरडली. "मोठ्या माणसाचा माझ्यापेक्षा लांब जाईल."

बिएल भिंतीआडून निघून पुढे पळाला. गोमिलांनी ट्रकवाल्याला हात केला. ट्रक हलला.

"ताई, ओढ्याच्या काठात रुतलेत. एक, दोन... सात आहेत. सगळे गोल."

गोमिला स्वतः ओढ्यात उतरून गेले. परत आले तेव्हा त्यांच्या तळहातावर मातीने माखलेला गोटा होता. त्यांनी तो तराजूवर ठेवला. अठ्ठावन्न ग्रॅम.

"इंजिन बंद कर रे," ते म्हणाले.

संध्याकाळी संग्रहालयाच्या बाई आल्या. गोटे पाहून म्हणाल्या, "मी इथून दहा वर्षं जातेय, पोरी. मला दिसलं नाही." मग त्यांनी विचारलं, हलके गोटे जवळजवळ संपले आणि जड जसेच्या तसे, असं का असेल?

आगेदाने भरलेल्या तिसऱ्या खड्ड्याकडे पाहिलं.

"कारण शत्रू इतका जवळ आलाच नाही."

गोमिलांनी टोपी काढली आणि सकाळीच ट्रकमध्ये टाकलेले चार जड गोटे एकेक करून हाताने खड्ड्यात परत ठेवले.