लावरच्या चौकटी

पेटीत चार पट्ट्या होत्या: सूपचा वाडगा, शवपेटी, खेळणारी मुलगी आणि लावरचा चेहरा. चेहऱ्याच्या चौकटी, म्हणजे सुटी चित्रं, एकशे चार. एकाही चौकटीत पापणी हललेली नव्हती की नजर. भिंगाखाली मी दोनदा तपासलं होतं.

१९२१चा मार्च, मॉस्को. कोरी फिल्म कुठेच मिळत नव्हती, म्हणून आमच्या कार्यशाळेत जुन्याच पट्ट्या कापून जोडायचो. चेहरा आधी सूपला जोडला, मग शवपेटीला, मग मुलीला. दर वेळी जोड सोडवताना चेहऱ्याच्या दोन चौकटी वाया जात. प्रेक्षक म्हणाले: काय भुकेला आहे! किती दुःखी! किती मायाळू!

"भुकेला?" मार्फा येलिझारोव्हना हसली. ती आमची शेगडी सांभाळायची. लावर तिचा मुलगा. "कोबीचं सूप बघून पळायचा तो! बूट चावत असले की असा बसायचा." मग तिने माझ्या कात्रीकडे बोट दाखवलं. "पोरी, अजून किती कापशील त्याला?"

लावर आघाडीवरून परतला नव्हता. त्याचं दुसरं चित्र तिच्याकडे नव्हतं.

गुरुवारी सकाळी सरकारी चित्रपट विभागाचे झुबोव आले. जुन्या पट्ट्या गरम सोड्यात धुऊन कोऱ्या करायचा हुकूम होता.

"लावरची पट्टी मिळणार नाही," मी म्हणाले. "प्रयोगाचं साहित्य आहे."

"प्रयोग झाला ना? आण इकडे."

"आधी बघा तरी!" मार्फा येलिझारोव्हना पडद्याच्या डावीकडे खुर्ची ओढून बसली. मांडीवर बटाटे, हातात सुरी. "मी इथून हलत नाही. धुवायचंच असेल तर आधी मला धुवा."

मी चेहरा एकटाच लावला. मागेपुढे काही नाही. प्रोजेक्टरचं हँडल फिरवू लागले. सहा सेकंदांचं काम.

झुबोवांनी तिच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. डोक्यावरची टोपी काढली.

"हा माझ्यावर का चिडलाय?"

"तो कुणावरच चिडलेला नाही, कॉम्रेड."

सुरी थांबली होती.

"मग आता तिच्याकडे का बघतोय?"

मी हँडल फिरवतच होते.

"बंद कर!"

ते गेले. पट्टी मागितली नाही.

तीन प्रयोगांत सहा चौकटी गेल्या होत्या. अठ्ठ्याण्णव उरायला हव्या होत्या. खिडकीशी धरून मोजल्या, पुन्हा मोजल्या.

एकशे एकोणतीस. मध्ये कुठेही जोड नाही.

नव्व्याण्णवाव्या चौकटीपासून बुबुळं डावीकडे सरकलेली. अंतर ०.४ मिलिमीटर.