भाग्यलक्ष्मीच्या गाडीचे सहा नट

"अहो, उतरा खाली! पाय मोडेल!"

अश्लेषा दचकली आणि खरंच घसरली. सर्जापूर रोडवरच्या अपार्टमेंटच्या बेसमेंटमध्ये, रविवारी सकाळी, पंक्चर झालेल्या चाकाच्या पान्यावर दोन्ही पाय देऊन ती उड्या मारत होती. नट काही हलला नाही. पाना तेवढा निसटला आणि नटाचे सगळे कोपरे झिजून तो लाडवासारखा गोल झाला.

समोर एक उंच, चष्मेवाला मुलगा उभा होता. हसू दाबत होता, मेला!

"या कन्नड मुलखात तुम्हाला कसं कळलं मी मराठी?" तिनं ओढणी झटकली.

"'निघ की रे मेल्या' म्हणालात ना... नटाला."

तो बसवंत. निपाणीचा. नोकरी इलेक्ट्रॉनिक सिटीत, दिवसभर लॅपटॉपपुढे. पण वडलांचं ट्रॅक्टरचं गॅरेज, त्यामुळे हात तिथंच तयार झालेले. त्यानं आधी नटावर गंज सोडवायचं तेल मारलं. "आता वीस मिनिटं थांबायचं," म्हणाला आणि स्टेपनीवर तिच्याशेजारी बसला. वीस मिनिटांत त्यानं तिला इतकं हसवलं की पंक्चर झाल्याबद्दल तिला मनापासून बरं वाटलं. मग एक नंबर लहान सॉकेट हातोडीनं ठोकून त्यानं गोल नटावर घट्ट बसवला, पाना लावला, दात-ओठ खाल्ले — कर्र! निघाला. अर्ध्या तासात सगळा खेळ खलास. गरम नट त्यानं तिच्या तळहातावर ठेवला. बोटं मात्र उचलायला... जरा वेळ लावला.

झालं! वर्ष-वर्ष काचही न पुसणारी अश्लेषा दर रविवारी दहाला गाडी धुवायला खाली उतरू लागली. आई म्हणाली, "बरी आहेस ना गं?"

पण पुढच्याच रविवारी बघते तर काय, बसवंत समोरच्या खांबाजवळ, भाग्यलक्ष्मीच्या लाल गाडीपाशी मांडी घालून बसलेला! भाग्यलक्ष्मी बी ब्लॉकमधली. ओल्या केसांत मल्लिगेचा गजरा, गालाला खळी. कुणा टायरवाल्यानं मशीननं आवळून तिचे सहा नट नासवले होते. बसवंतनं त्या दिवशी एक काढला. त्याच्या पुढच्या रविवारी दुसरा. मग तिसरा.

"तेल मुरायला आठवडा लागतो," असं तो तिला सांगताना अश्लेषानं स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. माझा नट अर्ध्या तासात, आणि हिचा आठवडाभर? तेल मुरतंय की लोणचं?

तो अश्लेषाशीही बोलायचा. 'अहो'चं 'अगं' झालं, कॉफी झाली, एकदा ओल्या रॅम्पवरून ती घसरताना त्यानं मनगट धरलं ते रॅम्प संपला तरी धरूनच ठेवलं. पण चार रविवार, चार नट — हे गणित तिला रात्री झोपू देईना. आवडत होता तो तिला. आवडत म्हणजे... फार.

त्यात शनिवारी लिफ्टमध्ये भाग्यलक्ष्मी भेटली. "अश्लेषा, पुढच्या महिन्यात मैसूरला माझ्या बहिणीचं लग्न आहे," ती लाजत कन्नडमध्ये म्हणाली. "बसवंतला ये म्हणणार आहे. उद्या विचारते. घरचेही बघतील त्याला... स्वल्प."

स्वल्प म्हणे! उद्याच्या आत काही केलं नाही तर बसवंत गेलाच हातचा.

आणि तिनं केलं ते असं. संध्याकाळी खाली जाऊन, आपल्याच गाडीच्या एकोणीस नंबरच्या नटावर वडलांचा एकवीसचा पाना लावून, घाम गाळून, तो धडधाकट नट तिनं गोल करून टाकला. रविवारी साडेनवालाच फोन केला. "बसवंत, नट अडकलाय. आधी माझ्याकडे ये हं."

तो आला. उकिडवा बसला. नटावरून बोट फिरवलं, बोटाला चमकता कीस लागला. मग त्यानं टायरला मूठ मारून पाहिली.

"अश्लेषा, हवा तर फुल्ल आहे."

अगं बाई! पंक्चरचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"ते... मला टायर बदलायचा होता. डावीकडचा उजवीकडे."

"कशाला?"

"असंच! हौस!"

"कोपरे ताजे खरवडलेत. कालचेच. मोठा पाना लावलास ना?" तो हसत होता, आणि तेच तिला सहन होईना.

"हो, लावला! काय करू मग? तिच्याकडे आठवडाभर तेल मुरवत बसतोस, मला अर्ध्या तासात वाटेला लावलंस! ती आज तुला लग्नाला ये म्हणणार आहे. घरच्यांना दाखवणार आहे. जा, गजरेवालीकडे जा. नाही... नको जाऊस. मला नाही चालणार तू गेलेला!"

बोलून गेली आणि स्वतःच्याच कारभारानं तिचे डोळे भरून आले. बसवंतचं हसू मावळलं.

"अगं, सहाच्या सहा नट एका सकाळी निघतात," तो हळूच म्हणाला. "तेलाची थाप मारली मी. बिचारीला फसवलं, चूकच केली. तू गाडी धुतेस तेवढा वेळच खाली असतेस. नुसतं बघत उभं राहायला कारण काय सांगू? तिच्या चाकापाशी बसलं की तू समोर दिसतेस. म्हणून एकेक काढत होतो... पुरवून पुरवून."

"मला सांगायचं नाही होय?"

"तू हो म्हणशील असं वाटेना. आज वाटलं."

तिनं त्याच्या दंडावर एक चापट मारली, आणि मग हात तिथंच राहिला. नेमकी तेव्हाच भाग्यलक्ष्मी पत्रिका घेऊन आली. बसवंतनं उठून पत्रिका घेतली. "नक्की येतो," म्हणाला, "दोघं आलो तर चालेल?"

भाग्यलक्ष्मीनं त्याच्या दंडावरच्या अश्लेषाच्या हाताकडे पाहिलं. गालावरची खळी विझली. क्षणभर अश्लेषालाच कसंतरी झालं.

"सरी, ठीक आहे," ती शेवटी म्हणाली. "या दोघं. पण माझे राहिलेले दोन नट आज काढायचे. आत्ता. तेल-बिल काही ऐकणार नाही."

"आत्ताच काढतो," बसवंत खाली मान घालून म्हणाला.

अश्लेषा त्याच्या मागोमाग लाल गाडीपाशी गेली आणि हातोडी हातात घेऊन दोघांच्या बरोब्बर मध्ये बसली. दोन्ही नट निघेपर्यंत ती जागची हलली नाही.