तीनशेचं साडेचारशे

संगणक घरात आला की लोक आधी त्यात गेम टाकतात. मी नाही टाकला. असा नीरस माणूस अख्ख्या सिंदी मेघेत सापडायचा नाही, असं माझी बायको प्रेरणा म्हणायची. मी तंत्रशाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचो, आणि यंत्राकडून त्याच्या कुवतीबाहेरचं काम काढून घेण्यात मला जे सुख मिळे, ते दुसऱ्या कशातच नाही.

२००५च्या मे महिन्यात काम होतं एका कॅसेटचं. माझे बाबा, तानबा, भीमजयंतीला गायचे. मी सहा वर्षांचा असताना ते गेले. १९७८ साली केळझरजवळच्या आमच्या गावात कुणीतरी बॅटरीच्या टेपवर त्यांची गाणी घेतली होती. तेवढाच त्यांचा आवाज उरलेला, तोही खरखरीत बुडालेला. इकडे मायचे कान झपाट्याने चालले होते. डॉक्टर म्हणाले, दिवाळीपर्यंत. त्याआधी एकदा तरी मला तिला बाबा स्वच्छ ऐकवायचे होते.

खरखर काढणारा प्रोग्राम मिळाला. पण एका फेरीला माझा तीनशे मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर साडेआठ तास घ्यायचा, आणि लोडशेडिंगमध्ये वीज सलग सहाच तास मिळायची. लाइट गेली की सगळं मुसळ केरात. शेवटी मदरबोर्डवरची बारकी क्लिप सरकवून मी तीनशेचं साडेचारशे केलं. आता प्रोसेसर तापून बंद पडायला लागला, म्हणून डबा उघडून कूलरपुढे ठेवला. सेहेचाळीस डिग्रीत आम्ही वर्धेकर वाट्टेल ते कूलरपुढे ठेवतो. ओल्या वाऱ्यात सर्किट ठेवणं हा शुद्ध गाढवपणा. विद्यार्थ्याने केला असता तर त्याला वर्गाबाहेर काढलं असतं. पण फेरी पावणेसहा तासांत संपली.

बाबा गायले. माय पदर तोंडाला लावून ऐकत राहिली. मी इतका खूश झालो की माझ्या वाटचा आमरससुद्धा प्रेरणाला दिला.

मग हाव सुटली. दुसऱ्या फेरीत टाळ्या गेल्या. तिसऱ्या फेरीत, गाणं संपल्यावर जिथे नुसती खरखर होती, तिथे कुणीतरी घसा खाकरला.

"काऊन वं मनकर्णा, ऐकू येते ना?"

"येते ना जी," माय लाजून म्हणाली.

"तू समोरच बसली असशीन, माय," मी समजावलं. "म्हणून इचारलं त्याईनं."

"मी कुठची? बाजेवर होती मी, बाळंतीण. तू पाच दिवसाचा होता."

चौथ्या फेरीत प्रोग्रामने गाणंही काढून टाकलं. फक्त बोलणं उरलं.

"तो कूलर बंद करा म्हणा. तिले ऐकू नाई येत."

१९७८ साली आमच्या गावात वीज नव्हती.

मी मूळ कॅसेट दोनदा ऐकली. शेवटी नुसती खरखर होती. क्लिप पुन्हा तीनशेवर आणली. प्रेरणा म्हणाली, फाइल पुसून टाका. मला भीती वाटत होती, तरी माझ्याच्याने पुसवली नाही.

दिवाळी लांबच राहिली. मायचे कान जुलैतच गेले. दोन्ही, पूर्ण. वाटलं, आता ती खचेल. उलट ती खुलली. पोटभर जेवायची, शेजारणींकडे बघून हसायची. दुपारी दोनला लाइट गेली की बंद संगणकापुढे खुर्ची घेऊन बसायची.

एकदा मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि कानाला हात लावून खुणेने विचारलं.

"एकदम साफ," ती म्हणाली. "खरखर गेली ना बाबू सारी. तुयं बोलणं, प्रेरणाचं बोलणं, रस्त्यावरचं. आता काईच मंधात येत नाई."

तिने काळ्या पडद्याकडे मान कलती केली, "हो जी" म्हणाली आणि शेजारी दुसरी खुर्ची ओढली.

"बस. तुलेबी बोलावते ते."

मी बसलो. कूलर बंद, पंखा बंद. फार दिवसांनी इतकं शांत वाटलं.

प्रेरणाने नंतर पाटीवर लिहून सांगितलं, ती माझ्या मागे उभी राहून मला हाका मारत होती.